रविवार आणि डोंगर

आठवडाभर शहरांत राबावें आणि शनिवार उजाडतांच पिशवी खांद्यास अडकवून डोंगराची वाट धरावी, ही रीत आज मुंबई-पुण्याच्या लोकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु थोडा विचार केला तर असें दिसेल कीं, ह्या रीतीस दोन गोष्टी अवश्य लागतात. एक, सातव्या दिवशीं मिळणारी हक्काची सुटी. आणि दुसरी, त्या सुटींत जाऊन परत येतां येईल इतक्या जवळचें थंड हवेचें ठिकाण. पेशवाईंतल्या मनुष्यास ह्या दोहोंपैकीं एकहि गोष्ट ठाऊक नव्हती. दोन्ही एकोणिसाव्या शतकांत जन्मास आल्या, पण एकमेकींपासून फार दूर : एक कलेक्टरसाहेबाच्या मुक्कामावर आणि दुसरी गिरण्यांच्या आवारांत. त्यांची गांठ कशी पडली, आणि ती पडतांना कोणाच्या वांट्यास काय आलें, हें माथेरानच्या उदाहरणावरून पाहाण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आमच्या जुन्या समाजांत विसावा नव्हता असें नाहीं. मात्र तो वारावर बांधलेला नव्हता. सण, जत्रा, अमावास्या, गांवचा आठवडी बाजार ह्यांवर कामाची आणि विश्रांतीची लय ठरे. अमावास्येस औत न धरण्याची चाल पुष्कळ गांवीं होती. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून मानला जाई, पण म्हणून त्या दिवशीं सर्वांनीं हात जोडून बसावें असा कांहीं दंडक नव्हता. डोंगराचीहि तीच गोष्ट. आमचे लोक डोंगर चढत नसत असें कोण म्हणेल? जेजुरी, सप्तशृंगी, भीमाशंकर, कार्ल्याची एकवीरा, ह्या सर्व चढणीच्याच वाटा. परंतु डोंगरावर जावयाचें तें देवासाठीं, गडाच्या चाकरीसाठीं, नाहीं तर गुरें आणि लांकडें ह्यांसाठीं. केवळ वारा अंगावर घ्यावा आणि दरी पाहात बसावें, एवढ्याकरितां कोणी डोंगर चढला असता तर गांवानें त्यास खुळ्यांतच काढिलें असतें. ‘हवा पालटणें’ हा शब्दप्रयोग आज घरोघर रुळला आहे खरा. पण ज्या कल्पनेतून तो निघाला, ती मुख्यत्वें इंग्रजांच्या वैद्यकांतून आली. खालच्या प्रदेशांतील उष्ण व दमट हवाच तापाचें मूळ होय, अशी त्या काळच्या गोऱ्या डॉक्टरांची समजूत होती. आणि आजारी शिपायांना उंचावर नेऊन ठेवावें ह्या विचारांतून हिंदुस्थानांतील बहुतेक थंड हवेचीं ठिकाणें वसलीं.

आमच्या प्रांतीं ह्याचा पहिला मोठा दाखला महाबळेश्वरचा. १८२४ सालीं लॉडविक हा लष्करी अधिकारी तेथील कड्यापर्यंत चढला, आणि १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यानें साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या साहाय्यानें तेथें वसाहत केली. तिला माल्कमपेठ असें नांव पडलें. कृष्णेच्या उगमाचें पुरातन देऊळ जेथें आहे तें मूळ क्षेत्र एकीकडे राहिलें आणि बाजार, बंगले व कचेऱ्या दुसरीकडे वाढल्या. पण महाबळेश्वर हें रविवारचें ठिकाण नव्हतें. मुंबईहून तेथें पोंचण्यासच कित्येक दिवस मोडत; समुद्रमार्गें कोंकणांत उतरलें तरी पुढें घाट चढावयाचाच. ज्याची कचेरीच त्याच्याबरोबर डोंगर चढते अशा गव्हर्नराचें तें ठिकाण. ज्यास सोमवारीं सकाळीं पेढीवर हजर व्हावयाचें, त्याचें नव्हे.

ती सोय माथेराननें केली. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा चौक गांवाच्या बाजूनें ह्या डोंगरावर चढला. वरची सपाटी, दाट झाडी आणि थंड वारा पाहून तो इतका प्रसन्न झाला कीं, त्यानें पुढें तेथें वाटा आंखविल्या आणि स्वतःसाठीं घर बांधलें. इंग्रजी पुस्तकांत ह्यास ‘शोध’ असें म्हणतात. आम्हांस ह्या शब्दाचें नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकूर आणि कातकरी ह्यांच्या वस्त्या होत्या. माथ्यावरचें रान म्हणून ‘माथेरान’ हें नांवहि त्यांच्याच बोलींत शोभणारें आहे. तात्पर्य, शोध लागला तो डोंगराचा नसून त्याच्या एका नव्या उपयोगाचा. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यानें त्या उपयोगावर सरकारी शिक्कामोर्तब केलें. त्याच्या कारकीर्दींत, म्हणजे १८५३ ते १८६० ह्या वर्षांत, माथेरानास खरा आकार आला.

ह्याच कारकीर्दीच्या आरंभीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, मुंबई ते ठाणें आगगाडी सुरू झाली. १८५४ त ती कल्याणास आणि १८५६ त नेरळावरून घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचली. नेरळाचें स्थानक झालें आणि माथेरानचें भाग्य उघडलें. डोंगर अवघा अडीच हजार फुटांचा. महाबळेश्वराच्या निम्म्याहून थोडा अधिक. हवेच्या दृष्टीनें तो दुय्यमच. पण नेरळापर्यंत गाडी, पुढें घोडा किंवा डोली, आणि संध्याकाळीं मनुष्य बंगल्याच्या ओट्यावर बसलेला! शनिवारीं निघून सोमवारीं परतणें ह्या प्रांतांत प्रथम येथें शक्य झालें. कड्यांना लुईझा, अलेक्झांडर अशीं नांवें पडलीं. शार्लट तळ्याच्या कांठीं पिसारनाथाचें देऊळ मात्र आपल्या जुन्या नांवानिशीं उभें राहिलें. आजहि ह्या डोंगरावर हिंडणाऱ्यास दोन नकाशे एकावर एक ठेवल्यासारखे भासतात : वरचा साहेबाचा, आणि खालचा ज्यांचा डोंगर त्यांचा.

येथवर डोंगराची हकीकत झाली. आतां रविवाराची.

साहेबाच्या कचेरींत रविवारीं सुटी असे, कारण तो त्याच्या प्रार्थनेचा वार. पण ज्या मुंबईच्या संपत्तीवर माथेरानचे बंगले उठले, त्या मुंबईच्या कापडगिरण्यांत सुटीचा असा वार नव्हता. विजेचे दिवे येण्यापूर्वीं गिरणी सूर्योदयास सुरू होई आणि सूर्यास्तास थांबे. उन्हाळ्यांत दिवस मोठा म्हणून राबणेंहि मोठें. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठीं नऊ तासांची मर्यादा आणि महिन्यांत चार सुट्या ठरविल्या. थोरांसाठीं कांहींच नाहीं.

ह्या स्थितींत पुढें आले ते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळींत वाढलेले, गिरणींत नोकरी केलेले आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र मुंबईंत चालविणारे हे गृहस्थ. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं कामगारांच्या सभा भरवून फॅक्टरी कमिशनपुढें एक अर्ज ठेविला. त्यावर सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्या अर्जांतील पहिली मागणी पगाराची नव्हती. आठवड्यांतून एक दिवस, रविवार, पूर्ण सुटी मिळावी ही होती. सहा वर्षें हें घोंगडें भिजत पडलें. शेवटीं २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि तींत दोन स्त्री-कामगारहि बोलल्या. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली; पुढें १८९१ च्या कायद्यानें साप्ताहिक सुटीस सरकारी आधार मिळाला. ह्या तारखा आम्हीं मुद्दाम दिल्या आहेत. आज जे लोक रविवार हा सूर्यचंद्रांसारखा निसर्गानेंच दिलेला आहे असें मानून चालतात, त्यांनीं त्या एकदां वाचाव्या. रविवार आकाशांतून पडलेला नाहीं. तो मागून, सह्या करून आणि मैदानांत उन्हांत उभें राहून मिळविलेला आहे.

मग हा रविवार मिळाल्यावर गिरणीकामगार माथेरानास गेला काय? अर्थात् नाहीं. जाण्यायेण्याचा खर्च त्याच्या आवांक्यांतला नव्हता आणि सहा दिवस यंत्रापुढें उभ्या राहिलेल्या पायांना चढणीचा मोह पडण्याचें कारण नव्हतें. परंतु इतिहासाची एक गंमत अशी कीं, त्या डोंगराची चढण पुढें सोपी केली ती मुंबईच्या एका कारखानदार घराण्यानेंच. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईंतील बोहरा समाजाचे धनाढ्य उद्योगपती. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनीं नेरळ ते माथेरान असा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधावयास घेतला, आणि सुमारें सोळा लाख रुपये वेंचून १९०७ सालीं तो पुरा केला. एकवीस किलोमीटरांच्या त्या वाटेवर गाडी इतकी वळणें घेते कीं, पुढच्या डब्यांतल्या मनुष्यास मागचा डबा समोरून यावा तसा दिसतो. २००५ च्या महापुरानें हा मार्ग उखडला, तो २००७ त पुन्हां उभा राहिला; पुढेंहि अपघात आणि पावसाळे ह्यांनीं तो वारंवार बंद पाडला, तरी २०२२ त गाडी पुन्हां नेरळाहून थेट वर जाऊं लागली. मनुष्यास डोंगरावरची गाडी किती प्रिय असते, ह्याचें ह्याहून मोठें प्रमाण नको.

विसाव्या शतकांत ही हौस साहेबाकडून शेटजींकडे आणि शेटजींकडून कारकुनाकडे आली. १९३० सालीं सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ आरंभीं रोजची गाडी नव्हती. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींस जाणाऱ्या मुंबईकरांसाठीं ती आठवड्याच्या अखेरीस सुटे. पुढें ती रोजची झाली. महाराष्ट्र सरकारनें २०२० च्या फेब्रुवारीअखेर आपल्या कचेऱ्यांना पांच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हां एका सुट्या दिवसाचे दोन झाले.

पण डोंगरावरच्या मनुष्याचें काय झालें? पाहुण्यांचा रविवार म्हणजे माथेरानच्या घोडेवाल्याचा, हमालाचा आणि खानावळींतील पोऱ्याचा सर्वांत कष्टाचा दिवस. ह्याच गांवीं एका नाभिक कुटुंबांत १९१२ सालीं विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मास आले. ते वकील झाले, शेतकऱ्यांस कर्जाच्या पाशांतून सोडविण्यासाठीं त्यांनीं धान्यकोठ्या काढिल्या, आणि १९४२ च्या लढ्यांत आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडिले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. हवा खाण्याकरितां वसविलेल्या गांवानें देशास भाई कोतवाल द्यावा, ही गोष्ट प्रवाशांच्या मार्गदर्शिकांत कड्यांच्या नांवांच्या मानानें फार लहान अक्षरांत छापलेली असते.

आतां आजच्या काळाकडे वळूं. २००३ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटार आजहि दस्तुरीच्या नाक्यापुढें जात नाहीं. हा निर्बंध आम्हांस सर्वथा योग्य वाटतो. तो नसता तर त्या लाल मातीच्या वाटांवर आज कर्ण्यांचा कल्लोळ आणि धुराचे लोट ह्यांशिवाय कांहीं उरलें नसतें. परंतु मोटार थांबली म्हणून ओझें थांबलें नाहीं. तें घोड्याच्या पाठीवर आणि मनुष्याच्या हातांवर आलें. मनुष्यानें ओढावयाची रिक्षा मुलखांतून जवळजवळ नाहींशी झाल्यावरहि ह्या डोंगरावर टिकून राहिली. म्हणजे ज्या नियमानें झाडांची छाती मोकळी राहिली, त्याच्याच आडोशास रिक्षा ओढणाऱ्याची छाती फुटत राहिली. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग करण्यास अनुज्ञा दिली. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजीं, मनुष्यानें मनुष्यास ओढणें हें मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे असें ठरवून, अशा रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या व ओढणाऱ्यांच्या निर्वाहाची तजवीज करावी, असा हुकूम दिला.

ह्या हुकुमाविषयीं दोन बाजूंनीं कुरकुर ऐकूं येते. एक म्हणतात, विजेची का होईना, गाडी आली म्हणजे मागोमाग मोटारहि येईल. दुसरे म्हणतात, घोडेवाल्यांच्या पोटावर पाय येईल. दोन्ही भीति खोट्या नाहींत, आणि दोहोंचा बंदोबस्त केला पाहिजे. तथापि रान राखावयाचें तर मनुष्यास जुंपलेंच पाहिजे, हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. मोटारीस मज्जाव हा झाडांकरितां आहे, आणि रिक्षेची बंदी मनुष्याकरितां; एकीच्या नांवावर दुसरी नाकारणें म्हणजे आपल्या सोयीस निसर्गाचें नांव देणें होय. गिरणीमालकांनींहि कामगारांस सहा वर्षें ताटकळत ठेविलें होतें, आणि एक दिवस यंत्र थांबल्यानें धंदा बुडाला नाहीं हें पुढें सर्वांनीं पाहिलें.

लोखंड्यांनीं मागितलेला रविवार गिरणगांवांत मिळाला. डोंगरावर तो अजून पुरता पोंचलेला नाहीं. पाहुण्यांची गर्दी शनिवार-रविवारींच होणार, तेव्हां तेथल्या लोकांनीं त्याच दिवशीं विसावा घ्यावा असें म्हणणें वेड्याचें होईल. पण त्यांचाहि कोणता तरी एक वार असावा, त्या वारीं त्यांची चूल अडूं नये, आणि आपली विश्रांति कोणाच्या खांद्यावरून वर येते हें पाहुण्यानें चढण्यापूर्वीं विचारावें, एवढें मागणें जास्त नाहीं. पुढच्या वेळीं आमचे वाचक नेरळास उतरतील, तेव्हां चालण्याजोगें बळ पायांत असल्यास त्यांनीं पायांनींच चढावें. वाट सुमारें सात मैलांची आहे, सावली पुष्कळ आहे, आणि तिच्या कडेला राहाणाऱ्या माणसांची ओळख गाडींतून होत नाहीं.