पोलीस कायदा, कलमे २५ ते २७ : पेडणे-डिचोलीच्या संदर्भात भाष्य

पोलीस कायदा १८६१चा, म्हणजे सत्तावन्नच्या उठावानंतर ब्रिटिशांनी केलेला. तेव्हा पेडणे आणि डिचोली हे पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीतले महाल होते. कायदा इथे पोहोचला तो मुक्तीनंतर, आणि गोव्यात अजून तोच चालतो. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला गेलात की महाराष्ट्राचा १९५१चा स्वतंत्र पोलीस अधिनियम लागतो. बेवारस मालाची तीन कलमे खाली ओळीओळीने घेतली आहेत. मूळ पाठ इंग्रजी आहे, मराठी रूप माझे.

«बेवारस मालमत्ता ताब्यात घेणे हे प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य राहील.»

कायदा इथे कर्तव्य सांगतो, अधिकार नव्हे. हरमलच्या किनाऱ्यावर सापडलेली बॅग कोणी पोलीस स्थानकात आणून दिली, तर ‘आमच्याकडे जागा नाही’ हे उत्तर या ओळीत बसत नाही. जप्ती ही वेगळी गोष्ट. चोरीचा संशय असलेला किंवा गुन्ह्याशी संबंध दिसणारा माल पोलीस घेतात तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६खाली. तिथे कायदा ‘जप्त करता येईल’ एवढेच म्हणतो, आणि खबर न्यायदंडाधिकाऱ्याला द्यावी लागते. गांजा-चरसचा मार्ग आणखी निराळा, तो अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५२-अ मधून जातो. आवारात मात्र सगळे शेजारी शेजारी पडलेले असते: अपघातातली मोटार, चोरीची दुचाकी, कोणीतरी सोडून दिलेली स्कूटर. कोणती वस्तू कोणत्या कलमाखाली आत आली, हे पहिल्याच दिवशी नोंदवले नाही तर पुढे तिचा धनी कोणता दंडाधिकारी, हेच ठरत नाही.

«आणि तिची यादी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सादर करावी.»

तिन्ही कलमांचा जीव या ओळीत आहे. ‘एक काळी मोटरसायकल, जुनी’ ही यादी नव्हे. जीए-०४ म्हणजे डिचोली, जीए-११ म्हणजे पेडणे, एमएच-०७ म्हणजे सिंधुदुर्ग. पण पाटी बदलायला पाना पुरतो. चासी आणि इंजिन क्रमांक कागदावर उतरले, तरच परिवहन कार्यालयाकडून मालकाचे नाव मिळते. गाडी सिंधुदुर्गातली निघाली तर चौकशीचे पत्र राज्याची हद्द ओलांडते, आणि तिथे ते किती दिवस पडून राहील हे पणजीच्या हाती नसते.

यादी नीट नसली की नुकसान कोणाचे? सर्वोच्च न्यायालयाने बसव्वा पाटील प्रकरणात १९७७ साली उत्तर दिले. चोरीचे दागिने पोलिसांनी परत मिळवले आणि ते पोलीस स्थानकातूनच नाहीसे झाले. न्यायालयाने त्यांची किंमत सरकारला भरायला लावली. मालखान्यातला माल सरकारजवळ ठेव म्हणून असतो, हे तिथून पक्के झाले.

«विल्हेवाटीबाबत पोलिसांनी त्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशाप्रमाणे वागावे.»

म्हणजे निरीक्षकाला स्वतःहून काही विकता येत नाही, वाटता येत नाही, भंगारवाल्याला देता येत नाही. बेवारस माल असेल तर जिल्हादंडाधिकारी, जप्तीचा असेल तर पेडण्याचे किंवा डिचोलीचे प्रथमवर्ग न्यायालय. एवढेच.

«दंडाधिकारी वस्तूंचे वर्णन देऊन जाहीरनामा काढू शकेल आणि हक्क सांगणाऱ्याने जाहीरनाम्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत येऊन तो सिद्ध करावा.»

लोक ही ओळ चुकीची वाचतात. सहा महिने मोजायचे ते जाहीरनाम्याच्या तारखेपासून. गाडी सापडल्यापासून नव्हे, आवारात आल्यापासूनही नव्हे. स्थानकाने यादी पाठवली नाही तर जाहीरनामा निघत नाही, आणि मुदत सुरूच होत नाही. पावसाळ्यांमागून पावसाळे गंज खाणारी दुचाकी त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने अजून ‘दावा येण्याची वाट पाहत’ही नसते. दोष मुदतीचा नाही. न निघालेल्या कागदाचा आहे.

जाहीरनामा कुठे लावायचा, हे कलम सांगत नाही. मोरजीत भाड्याने राहून गेलेल्या पुण्याच्या माणसाला पेडण्याच्या फलकावरची नोटीस दिसणार कशी? शिवाय मालक न येण्याचे एक साधे कारण असते: चोरीच्या गाडीचे विम्याचे पैसे त्याला मिळून गेलेले असतात. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच सांगितले, की जप्त वाहने पंधरा दिवस ते महिनाभरापलीकडे स्थानकात ठेवू नयेत. छायाचित्रे आणि पंचनामा करून, हमी घेऊन ती सोडावीत. मालक पुढे आला नाही तर विमा कंपनीला कळवावे, तीही आली नाही तर लिलाव करावा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम ४९७ने यातले बरेचसे कायद्यातच आणले: माल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत विवरण, छायाचित्रे, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश.

«नाशवंत माल लगेच विकता येईल.»

मासळीची पाटी सहा महिने थांबत नाही. जप्तीच्या मालाबाबत नव्या संहितेचे कलम ५०५ याच वाटेने जाते. मालक अज्ञात वा गैरहजर असेल आणि किंमत दहा हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर दंडाधिकारी विक्रीचा हुकूम देऊ शकतो. जुन्या संहितेत ही मर्यादा पाचशेची होती. गंजलेल्या दुचाक्यांपैकी बऱ्याच आज या दहा हजारांच्या आत बसाव्यात.

«मुदतीत दावा न आल्यास माल विकता येईल, आणि विक्रीची रक्कम राज्य शासनाच्या अधीन राहील.»

दावा न येण्यामागे नेहमी विसर असतो असे नाही. तेरेखोल नदीत बेकायदा रेती काढताना पकडलेल्या होडीवर ‘ही माझी’ म्हणणे म्हणजे गुन्ह्याला नाव लावून घेणे. असा माल बेवारस नसतो, त्याचा वारस लपलेला असतो. म्हणून जप्तीच्या मालाबाबत संहितेचे कलम ५०४ जास्तीची अट घालते: ज्याच्याजवळ माल सापडला त्याला तो कायदेशीर मार्गाने मिळवल्याचे दाखवता आले नाही, तरच तो शासनाकडे जातो. पोलीस कायद्यात ही अट नाही. माझ्या मते ती असायला हवी होती.

(मालक निघून गेला आणि मालमत्ता सरकारच्या हाती आली, याचा मोठा दाखला डिचोली तालुक्यातच आहे. मये गावची जमीन मुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाकडे गेली. तिथल्या कसणाऱ्यांसाठी २०१४ साली वेगळा कायदा करावा लागला. ती जमीन होती, पोलिसांच्या आवारातली दुचाकी नव्हे. पण सरकारच्या ताब्यातून वस्तू सुटायला किती काळ लागतो, ते गोवेकरांना त्यावरून ठाऊक आहे.)

कलम ५०४खालच्या आदेशावर अपील करता येते. तेव्हा गाडी हरवली असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. नोंदणीपत्र, चासी क्रमांक आणि तक्रारीची प्रत घेऊन स्थानकात जा, आणि पहिला प्रश्न हाच विचारा: यादी कोणत्या तारखेला पाठवली, जाहीरनामा कोणत्या तारखेचा?