मिलिओलाइट चुनखडक : सागराचा की वाऱ्याचा?

पुण्याच्या पश्चिमेस मारुंजीच्या परिसरात माती व मुरूम यांच्याखाली जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हारसाचा आहे. त्यात सागरी जीवांचा अवशेष सापडावयाचा नाही. सौराष्ट्रात मात्र अशाच काळ्या पाषाणाच्या दऱ्याखोऱ्यांतून, किनाऱ्यापासून दूर, फिकट पिवळ्या चुनखडकाचे थर आढळतात. त्यांचे कण म्हणजे उथळ सागरातील सूक्ष्म जीवांची कवचे, शिंपल्यांचा चुरा आणि चुन्याचे गोल दाणे होत. हे कण बेसाल्टपासून झालेले असणे शक्य नाही; ते सागरातूनच आले. परंतु ते तेथवर कोणी आणले, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ वादाचा राहिला.

ह्या खडकाचा अभ्यास मुंबईत सुरू झाला. पोरबंदरी दगड म्हणून तो मुंबईच्या बांधकामांत प्रसिद्धच होता. मुंबई इलाख्याच्या सेवेतील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी त्यातील फोरॅमिनिफेरा वर्गाची कवचे ओळखली आणि १८४९ साली त्यास मिलिओलाइट हे नाव दिले. सागरी जीवांवरून पडलेल्या ह्या नावामुळे खडकाची उत्पत्तीही सागरात झाली असावी, हा समज सहज रुजला. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे फेडन यांनी १८८४ साली काठेवाडचे भूवर्णन प्रसिद्ध केले.

सागरी मत स्वीकारल्यास त्यातून एक गंभीर निष्कर्ष निघतो. टेकड्यांच्या उतारांवर हा खडक आहे, तेथवर एके काळी सागर पोहोचला होता अथवा भूमी तितकी वर उचलली गेली, असे मानावे लागते. १९०० साली जे. डब्ल्यू. एव्हान्स यांनी ह्या अडचणीतून वाट काढली. कण सागरी असले तरी त्यांचा संचय वाऱ्याने केला, असे त्यांनी प्रतिपादिले. तिरकस स्तररचना व कणांचा एकसारखा आकार ही वाळूच्या टेकड्यांची लक्षणे होत. शिवाय हिमयुगात सागराची पातळी १०० मीटरांहून अधिक खाली गेली असता उथळ तळ उघडा पडला आणि तेथील वाळू वाऱ्यास सुलभ झाली, हे आज सहज समजते. म्हणजे जो खडक उंच सागराचा साक्षी वाटला, तोच खालावलेल्या सागराचाही साक्षी ठरू शकतो. किनाऱ्यालगतचे काही थर मात्र प्रत्यक्ष सागरी आहेत. म्हणून दोहोंस एकच नियम लावता येत नाही.

ह्या वादाचे महत्त्व भूविज्ञानापुरते नाही. हिरण नदीच्या खोऱ्यात उमरेठी येथे अश्मयुगीन मानवाची अश्यूलियन हत्यारे असलेल्या दगडगोट्यांच्या थरावर मिलिओलाइट पसरला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शरद राजगुरू व अशोक मराठे यांनी बास्करन् व सोमयाजुलु यांच्यासह १९८६ साली युरेनियम-थोरियम पद्धतीने त्याचे वय सुमारे १ लाख ९० हजार वर्षे काढले. हत्यारे त्या थराखालची, म्हणून त्याहून जुनी. अर्थात थर कोणत्या कारणाने साचला आणि पुढे पाण्यात त्याचा चुना किती विरघळून पुन्हा घट्ट झाला, ह्यावर त्या आकड्याचा अर्थ अवलंबून असतो. चुना नव्याने बसला असेल, तर हाती येणारे वय प्रत्यक्षाहून कमीच येईल.

कणाचे उगमस्थान आणि थराचे संचयस्थान ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच ह्या इतिहासाचा धडा होय. कार्टर यांनी पहिलीचा निर्णय अचूक केला; दुसरीसाठी सूक्ष्मदर्शकाबरोबर खोऱ्यात प्रत्यक्ष उतरून थरांची रचना, उंची आणि खालच्या भूमीशी असलेले त्यांचे नाते तपासावे लागले. जेथे हे तीनही पुरावे एकमेकांशी जुळतात, तेथेच त्या खडकावरून सागरपातळीविषयी किंवा मानवाच्या प्राचीनतेविषयी काही ठामपणे सांगता येते.