नेटवर्कवरची हजेरी



लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले, आज बँक हॉलिडेच्या कृपेने आणि बाहेरच्या पावसाच्या आग्रहाने बसलोय. विषय जरा रुक्ष आहे: कंपनीतले कॉम्प्युटर जागेवरून न उठता मोजायचे कसे, आणि माणसं ते कधीपासून मोजतायत. पण आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांचा या विषयाशी फार जवळचा संबंध येऊन गेलाय, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात (नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथेच आहे) एक ऑडिटर आला. चहासुद्धा न घेता पहिला प्रश्न, "तुमच्याकडे एकूण कॉम्प्युटर किती?" मी म्हटलं पाच मिनिटं द्या. पाच मिनिटांत माझ्याकडे तीन आकडे होते. अँटीव्हायरसच्या कन्सोलवर एक, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत दुसरा आणि फायनान्सच्या एक्सेलमध्ये तिसरा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात शंभरावर फरक. ऑडिटर काही बोलला नाही, त्याने फक्त तिन्ही आकडे लिहून घेतले. ते जास्त वाईट.

त्या रात्री मला आमच्या कॉलेजचं डेडस्टॉक रजिस्टर आठवलं. तुमच्यापैकी सरकारी कॉलेजात किंवा झेडपीच्या शाळेत शिकलेल्यांना ते माहीत असेलच. सरकारी मराठीत जडवस्तू संग्रह नोंदवही. लाल कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक, आणि त्यातला नंबर खुर्चीच्या पाठीवर, पंख्यावर, लॅबमधल्या मॉनिटरच्या मागे पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेला. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. कॉम्प्युटर लॅबमधला मोडका प्रिंटर 'निर्लेखन' होईपर्यंत टाकता यायचा नाही, वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसून असायचा. पण वर्षातून एकदा लॅब असिस्टंट ते रजिस्टर काखेत मारून यायचे, टेबलाखाली वाकायचे, नंबर वाचायचे आणि टिक करायचे. वस्तू डोळ्यांनी दिसल्याशिवाय टिक नाही. ही एक गोष्ट आम्ही इंजिनिअर लोकांनी पुढे सोडून दिली. का सोडली, तो इतिहास मजेशीर आहे.

सुरुवातीला मोजायचा प्रश्नच नव्हता. मेनफ्रेम एक असायचं आणि ते कुठे आहे हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत असायचं. ऐंशीच्या दशकात टेबलाटेबलावर पीसी आले, ते एकमेकांना जोडले गेले आणि गोंधळ सुरू झाला. माईक म्यूस या अमेरिकन लष्करी प्रयोगशाळेतल्या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये 'पिंग' लिहिलं. समोरच्या मशीनला हाक मारायची, त्याने ओ दिली की ते जिवंत. बिचाऱ्याचा हेतू नेटवर्क कुठे बिघडलंय ते शोधण्याचा होता, पण दूरवरून हजेरी घ्यायची कल्पना तिथे आलीच. १९८८ मध्ये एसएनएमपी आला. आता नुसतं "आहेस का?" नाही, तर "तुझं नाव काय, कधीपासून चालू आहेस, किती पोर्ट आहेत?" असं सगळं विचारता येऊ लागलं. १९९३ मध्ये त्यात मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांचे तक्ते जोडले गेले. गंमत म्हणजे या प्रश्नोत्तराचा परवलीचा शब्द बहुतेक उपकरणांत 'पब्लिक' हाच भरून यायचा आणि तो बदलायची तसदी कोणी घेत नसे. (अजूनही कित्येक ठिकाणी घेत नाहीत. तुमच्या ऑफिसातला प्रिंटर तपासून बघा.)

राउटर, स्विचेससाठी हे ठीक होतं, पीसींचं काय? १९९२ मध्ये कंपन्यांनी मिळून डीएमटीएफ ही संघटना काढली. मदरबोर्ड कोणाचा, बायॉस कोणता, सिरियल नंबर काय, ही माहिती मशीनच्याच पोटात ठराविक पद्धतीने ठेवायची असं तिथून ठरत गेलं. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एसएमएस आला (मोबाइलवाला नव्हे, सिस्टीम्स मॅनेजमेंट सर्व्हर). सकाळी माणूस लॉगिन करायचा, त्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅम गुपचूप चालायचा आणि मशीनची कुंडली सर्व्हरला पाठवून द्यायचा. कोणी लॉगिन केलं नाही तर मशीन नाही. माणूस सुट्टीवर तर त्याचा पीसीही सुट्टीवर.

या सगळ्याला खरं बळ दिलं वायटूकेने. तेव्हा मी शाळेत होतो, पण आपल्यातल्या अनेक सीनिअर मंडळींचं परदेशी पहिलं पाऊल त्याच्याच जिवावर पडलं. सहा-सहा अंकी तारखा दुरुस्त करायच्या तर आधी कुठल्या मशीनमध्ये काय आहे ते कळायला हवं. जगभरच्या कंपन्यांनी आपलं घर पहिल्यांदा नीट मोजलं ते १९९८-९९ मध्ये. १ जानेवारी २००० ला काही झालं नाही, लोक हसले, आणि त्या याद्या बहुतेक ठिकाणी धूळ खात पडल्या.

इथे लिमरिकची आठवण काढायलाच हवी. १९९१ पासून राहीनच्या कारखान्यात डेल अख्ख्या युरोपसाठी कॉम्प्युटर जोडत होतं. जानेवारी २००९ मध्ये उत्पादन पोलंडला वूच शहरात नेणार असं जाहीर झालं आणि १,९०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. जुने लिमरिककर टॅक्सीवाले अजून त्याबद्दल बोलतात. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डब्यावर सात अक्षरी सर्व्हिस टॅग असायचा, आणि तोच बायॉसमध्येही लिहिलेला. म्हणजे ऑइलपेंटचा नंबर आता मशीन स्वतःच सांगू लागलं. (तो टॅग म्हणजे ३६ च्या पायातली एक संख्या आहे. दशमान पद्धतीत मांडली की त्याच लेबलवरचा एक्स्प्रेस सर्व्हिस कोड मिळतो. रिकामा वेळ असेल तर करून बघा.) विंडोज २००० पासून डब्ल्यूएमआय आलं आणि डब्लिनमध्ये बसून कॉर्कच्या मशीनला सिरियल नंबर विचारणं एका ओळीचं काम झालं.

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला. पण कॉलेजात प्रॉक्सी लावलेल्या माणसाला हजेरीची किंमत माहीत असते. स्वस्तातल्या मदरबोर्डांवर सिरियल नंबरच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." हे वाक्य तसंच राहिलेलं असतं, कारण भरायचं कोणी विसरलं. अशी चाळीस मशीनं यादीत कधीकधी एकच म्हणून दिसतात. उलट बाजूने, एका डॉकिंग स्टेशनवर दिवसभरात चार लॅपटॉप बसले तर चौघांचा मॅक ॲड्रेस एकच. एका डिस्कची कॉपी करून पन्नास पीसी तयार केले तर पन्नासांची ओळख एकच. आणि ज्याच्यावर एजंट टाकायचाच राहिला ते मशीन यादीत नाहीच! ते कुठल्याच रिपोर्टमध्ये लाल दिसत नाही, कारण ते दिसतच नाही. मार्च २०२० मध्ये सगळे लॅपटॉप घेऊन घरी गेलो तेव्हा तर हजेरीच्या वर्गालाच सुट्टी लागली. ऑफिसच्या नेटवर्कवर हाका मारत बसलेले सर्व्हर रिकाम्या खुर्च्यांना हाका मारत होते.

आता मे २०२१. आपल्यातले जे तेव्हा इथे होते त्यांना तो शुक्रवार आठवेल, १४ तारीख. सकाळी उठलो तर बातमी: एचएसईचे सगळे कॉम्प्युटर बंद. कोंटी नावाच्या टोळीने रात्री एकच्या सुमारास हल्ला सोडला होता, आणि तो आणखी पसरू नये म्हणून एचएसईने स्वतःच सगळं बंद केलं. रोटुंडाने ३६ आठवड्यांच्या पुढच्या बायका सोडून बहुतेक बाह्यरुग्ण तपासण्या रद्द केल्या. कर्करोगाच्या रेडिओथेरपीचे वेळापत्रक कोलमडलं. रक्ताचे रिपोर्ट कागदावर लिहून माणसं मजल्यामजल्यांवर धावत होती. कोव्हिड अजून चालूच होता.

डिसेंबर २०२१ मध्ये पीडब्ल्यूसीचा चौकशी अहवाल जाहीर झाला. आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं, थ्रिलरसारखा आहे. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली. आठ आठवडे चोर घरात फिरत होते. ३१ मार्चला त्याच मशीनच्या अँटीव्हायरसने दोन हत्यारं ओळखलीसुद्धा, पण तो नुसतं बघायच्या मोडवर होता, अडवायच्या नाही. त्या मशीनच्या अँटीव्हायरसचं अपडेट वर्षभराहून जास्त काळ झालेलं नव्हतं. म्हणजे हजेरीपटावर नाव होतं, पण पोरगं काय स्थितीत आहे ते कोणी बघितलं नव्हतं.

आणि एकूण पोरं किती? ४,००० च्या आसपास ठिकाणं, ५४ रुग्णालयं, ७०,००० हून जास्त उपकरणं. त्यात ३०,००० च्या वर मशीनं विंडोज ७ वर, ज्याचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच काढून घेतला होता. पण माझं डोकं ज्या वाक्याशी अडलं ते वेगळं होतं. अहवाल म्हणतो की हल्ल्यानंतरचा बराच वेळ कुठे काय आहे हे गोळा करण्यात गेला, कारण मध्यवर्ती, अद्ययावत आणि नेटवर्कबाहेर ठेवलेली नोंदवही नव्हती. घर जळत असताना घरात खोल्या किती ते विचारत फिरणं झालं हे.

याला नुसता आळस म्हणणं मात्र अन्याय होईल. १९७० च्या कायद्याने इथे आठ हेल्थ बोर्ड झाले. प्रत्येकाचा कारभार वेगळा, खरेदी वेगळी, कॉम्प्युटर वेगळे. १ जानेवारी २००५ ला ती सगळी पद्धत मोडून एचएसई बनली. कागदावर एका दिवसात, तारांमध्ये कधीच नाही. त्याच वर्षी पीपार्स हा सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा पगार एका सिस्टीममध्ये आणण्याचा प्रकल्प गुंडाळावा लागला. म्हणजे माणसंच एका यादीत बसेनात, तिथे पीसी कसे बसणार? त्यात कित्येक मोठी रुग्णालयं स्वतंत्र संस्थांची, जोडलेली त्याच नेटवर्कला पण मालक वेगळा. आपल्याकडे एकत्र कुटुंब फुटून पुन्हा एका घरात राहायला आलं की भांडी कोणाची यावर जे होतं, तेच.

सरकारने खंडणी दिली नाही. २० मे ला टोळीने कुलूप उघडायची किल्ली फुकटच दिली. पण किल्ली मिळून काम संपलं नाही. लष्कराची माणसं मदतीला हॉस्पिटलांत गेली आणि मशीनं एकेक करून तपासणं, साफ करणं, पुन्हा उभी करणं सुरू झालं. ते काम सप्टेंबरपर्यंत चाललं. एसएनएमपी, डब्ल्यूएमआय, एजंट सगळं असलेल्या काळात माणूस शेवटी टेबलाखाली वाकूनच नंबर वाचत होता.

ऑडिटर गेल्यावर आम्हीही तेच केलं. दोन शनिवार, टॉर्च आणि छापील यादी घेऊन मजल्यामजल्यावर फिरलो. तिसऱ्या मजल्यावरच्या स्टेशनरीच्या कपाटात, कागदांच्या रिमांमागे, एक मशीन चालू सापडलं. गरम होतं. कुठल्याच यादीत नव्हतं. ते काय करतंय हे कोणाला सांगता येईना, म्हणून बंद करायची हिंमत होईना. तीन दिवसांनी वायर काढली, तेव्हा रिसेप्शनचा दरवाजा उघडेना. तोवर तो दरवाजा कोण उघडतंय हे कोणी विचारलंच नव्हतं.

मे २०२१ मध्ये इथल्या हॉस्पिटलांत काम करत असलेले कोणी डॉक्टर, नर्स, लॅबवाले इथे असतील तर त्या दिवसांबद्दल जरूर लिहा. अहवाल मी वाचलाय, वॉर्डातून ते कसं दिसत होतं हे मला माहीत नाही.

डब्लिनहून,
तुमचाच एक टेबलाखाली वाकणारा