सीटखालचं इंजिन

परवा काकूंनी जुना ॲल्बम काढला आणि त्यात काकांच्या मारुती व्हॅनचा फोटो सापडला. पुढची सीट वर उचललेली, काका आत वाकलेले आणि शेजारी हातात पाना घेऊन अस्मादिक! मग बऱ्याच गोष्टी आठवल्या. त्यातली एक आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

घरातल्या छोट्या मंडळींसाठी आधी थोडा इतिहास. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि १९८४ मध्ये व्हॅन. १९८८ मध्ये तिचं नाव ऑम्नी झालं आणि २०१९ मध्ये ती बनायची थांबली. इंजिन ८०० सारखंच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण ते पुढे बॉनेटखाली नव्हतं, पुढच्या सीटांखाली होतं. त्याला जोडून गिअरबॉक्स, आणि तिथून शाफ्ट मागच्या चाकांकडे.

या अडचणीच्या जागेत विजेचे भाग कसे शोधायचे? काका म्हणायचे, "पाठ करू नकोस, वायर धरून चालत जा." बॅटरीची जाड वायर जिथे पोचते तो स्टार्टर. तो इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथेच असणार, कारण त्याला फ्लायव्हीलचे दाते फिरवायचे असतात. (१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, त्याआधी हँडल मारावं लागे.) बेल्टवर फिरतो तो अल्टरनेटर. प्लगच्या वायरी उलट धरत गेलं की डिस्ट्रिब्युटर. गिअरबॉक्सवर दोन वायरींचा बारका स्विच दिसला तर तो रिव्हर्सच्या दिव्याचा. आणि गिअरबॉक्समधून निघणारी स्पीडोमीटरची केबल वायरीसारखी दिसली तरी तिच्यात वीज नसते, आत फिरणारी तार असते. इथे मी हमखास फसायचो.

तर ती गोष्ट. ताईच्या दहावीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काकांनी प्लग साफ केले आणि वायरी परत लावायला मला सांगितलं. या इंजिनात ठिणगी १-३-२ अशा क्रमाने पडते. मी डिस्ट्रिब्युटरवर सरळ १-२-३ लावल्या. सकाळी व्हॅन खोकली, फटकन आवाज केला आणि बसली. ताई रडवेली होऊन शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून पेपरला गेली. काकांनी सीट उचलली, वायरींकडे एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळ्यांना सांगितलं, "माझ्याच हातून चूक झाली."

२००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले, कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आलं. क्रँकजवळ सेन्सर, पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर. आता मेकॅनिक आधी स्कॅनर लावतो आणि कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते पडद्यावर येतं. सोय मोठी आहे, तक्रार नाही. पण तो सेन्सर नेमका बसलाय कुठे, हे शोधायला शेवटी वायर धरूनच जावं लागतं.

असो. काका आता नाहीत. ताई, तू अजूनही त्या सकाळवरून त्यांची चेष्टा करतेस, म्हणून आज लिहितोय. वायरी मी चुकवल्या होत्या.