गाडीची पाटी

आमच्या नाशिकरोडच्या माणसाला खरं-खोटं ओळखायची सवय जरा जास्तच असते. त्याला कारण आहे. १९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून, डी ला रू कंपनीकडून छापून यायची. ती इथे छापायला लागली आणि पाठोपाठ १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीटी एक माणूस प्रेसमधला असायचाच. ही माणसं नोट हातात आली की खिशात टाकण्याआधी उजेडाकडे धरायची. घरातल्या पोरांनाही आपोआप कळायचं, की कागदाला पोट असतं, त्यात वॉटरमार्क असतो, आणि खरी वस्तू तीच जिची नक्कल करताना नक्कल करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

अशा गावात राहूनही एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. नोट, तिकीट, स्टॅम्पपेपर यांच्या खरेपणासाठी सरकारने एवढा खटाटोप केला, पण लाखो रुपयांच्या गाडीची ओळख मात्र कित्येक वर्षं कोपऱ्यावरच्या पेंटरच्या ब्रशवर सोडून दिली होती. बिटको चौकात दुकान, दुकानाबाहेर स्टूल, स्टुलावर पत्र्याची पाटी. तुम्ही सांगाल तो नंबर तो रंगवून देणार. गाडी तुमचीच आहे का, हे विचारायची पद्धतच नव्हती.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमच्या सोसायटीत जळालेल्या दोन मोटरसायकली. पार्किंगमधल्या गाड्या रात्री पेटवून देण्याचा प्रकार नाशिकला नवा नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सिडको, पंचवटी, नाशिकरोड सगळीकडे हे होऊन गेलंय. आमच्याकडे जळाली त्यातली एक गाडी तळमजल्यावरच्या मुलाची होती. तो त्या गाडीवरून जेवणाचे डबे पोचवायचा आणि आठ हप्ते बाकी होते. सोसायटीला चार कॅमेरे होते. चारही चालू होते (हे वाक्य महाराष्ट्रात किती जणांना अभिमानाने म्हणता येईल देव जाणे). चित्रात मोटरसायकल येताना दिसते, थांबते, जाते. आणि नंबरच्या जागी पांढरा चौकोन. नुसता पांढरा, साबणाच्या वडीसारखा.

खरा ताप पुढे सुरू झाला. त्या चौकोनात मंडळींना आकडे दिसायला लागले. एकाला शेवटचा आकडा ४ वाटला, एकाला ९. मग कोणाला तरी आठवलं, की मागच्या गल्लीतल्या अमक्याच्या मुलाच्या गाडीचा शेवट ४ ने होतो आणि त्याचं आपल्या वॉचमनशी भांडणही झालं होतं. दोन दिवसांत त्या वडीवर चारही आकडे उमटले! तो मुलगा त्या रात्री सातपूरला कारखान्यात रात्रपाळीला होता आणि तिथल्या हजेरीत तशी नोंद होती, म्हणून प्रकरण मिटलं. नोंद नसती तर? त्याची आई अजून आमच्या गेटसमोरून जाताना मान वळवून जाते. म्हणून नवा कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा मी मुळापासून वाचायला बसलो. अर्धवट दिसणारं चित्र काहीच न दिसण्यापेक्षा वाईट, हे तोवर पटलं होतं.

तर पाटीचा जन्म पॅरिसचा. १४ ऑगस्ट १८९३ ला तिथल्या पोलिसांनी हुकूम काढला, की प्रत्येक मोटारीवर मालकाचं नाव, पत्ता आणि नंबर असलेली धातूची पट्टी हवी. इंग्लंडने १ जानेवारी १९०४ पासून नंबर सक्तीचा केला. आपल्याकडे देशभराचा पहिला मोटार कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, आणि आजचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ ला लागू झाला. माझ्या पिढीच्या लक्षात राहिलेला बदल तोच. त्याआधी महाराष्ट्रातल्या नंबरांत 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची. मग एमएच आलं आणि प्रत्येक आरटीओला आकडा मिळाला. मुंबई १, पुणे १२, आम्ही १५, मालेगाव ४१. लग्नाला आलेल्या गाड्यांवरून कुठल्या बाजूचे पाहुणे पोचले हे ओळखायचा खेळ आम्ही तेव्हापासून खेळतो. वधूपक्ष सोळा, वरपक्ष एकोणीस, म्हणजे नगर विरुद्ध जळगाव.

त्याच १९८९ च्या नियमांमध्ये एक कलम आहे, ते वाचून मी अक्षरशः वही काढली. नियम ५१. पाटीवरच्या अक्षराची उंची किती, रेघेची जाडी किती, दोन अक्षरांत अंतर किती, सगळं मिलिमीटरमध्ये. मोटारीला उंची ६५, जाडी १०, अंतर १०. मोटरसायकलच्या मागच्या पाटीला अक्षरं ३५ आणि आकडे ४०, रेघेची जाडी ७. हे मोजमाप माणसाच्या डोळ्यासाठी ठरवलं असणार, पण कॅमेरा निवडायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. दुकानदार तुम्हाला मेगापिक्सेल सांगतो. त्याला विचारायचं ते एवढंच, की सात मिलिमीटरच्या रेघेच्या वाट्याला किती ठिपके येतात?

हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. सोसायट्यांना सर्रास बसवतात ती २.८ मिलिमीटरची लेन्स. तिला दहा मीटरवर ढोबळमानाने एकोणीस मीटर रुंदीचा देखावा दिसतो. अख्खं गेट, पानटपरी, समोरचा गुलमोहर, सगळं. म्हणजे एका मीटरला शंभरेक ठिपके आणि सात मिलिमीटरच्या रेघेला पाऊण ठिपकासुद्धा नाही. पूर्ण एक ठिपकाही नाही म्हटल्यावर आकडा दिसणार कुठून! तीच जागा १२ मिलिमीटरच्या लेन्सने बघितली तर देखावा चार-साडेचार मीटरचा होतो आणि रेघेला तीनेक ठिपके मिळतात. तेवढ्यात ४ आणि ९ वेगळे दिसतात. थोडक्यात, पाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्याने बाकी काही बघायचं नसतं. त्याला झापडं लावलेल्या घोड्यासारखा एका पट्टीवर सोडायचा. चेहरे, माणसं, देखावा यासाठी दुसरा कॅमेरा. आमच्या कमिटीला हे पचायला सर्वात जड गेलं. "एवढे पैसे घालून नुसता रस्त्याचा तुकडा दाखवणार?" हो, तेवढाच.

दुसरी गोष्ट वेग. गल्लीतून मोटरसायकल ताशी ३६ किलोमीटरने गेली म्हणजे सेकंदाला दहा मीटर. रात्री अंधार म्हणून कॅमेरा आपलं झाकण सेकंदाचा पंचविसावा भाग उघडं ठेवतो. तेवढ्यात गाडी चाळीस सेंटिमीटर पुढे गेलेली असते, आणि दुचाकीची मागची पाटी वीसच सेंटिमीटरची! साबणाची वडी इथून आली. झाकण सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणलं की सरक एका सेंटिमीटरवर येते, पाचशेव्या भागावर दोन. म्हणजे हजाराव्या भागालाही तो सेंटिमीटर सात मिलिमीटरच्या रेघेहून मोठाच. म्हणून गाडी मुळात हळू झालेली बरी. आमच्या गेटपाशी गतिरोधक आहे. तो ज्याने बसवला त्याला सगळ्यांनी शिव्या दिल्या होत्या. आता कॅमेऱ्याची नजर बरोबर त्याच्यावर.

मग एवढ्या कमी वेळात उजेडाचं काय? इथे पाटीचाच गुण उपयोगी पडतो. आजच्या पाटीवरचा पत्रा उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. कॅमेऱ्याशेजारचे इन्फ्रारेड दिवे त्यावर पडले की बाकी सगळं काळंकुट्ट आणि पाटी तेवढी लख्ख. फार जवळून किंवा जास्त उजेड पडला, तर मात्र अक्षरंही त्या लख्खपणात विरघळतात. पुढून घेतलं तर हेडलाइट डोळ्यात जातो, शिवाय दुचाकीची पुढची पाटी अगदी चिंचोळी. म्हणून जाणाऱ्या गाडीची मागची बाजू धरायची. कॅमेरा तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर नको. वरून आणि बाजूने, दोन्हीकडून तिरकेपणा तीस अंशांच्या आत ठेवायचा. पाटीपेक्षा अडीच मीटर उंच लावला तर निदान साडेचार मीटर लांबचं बघायला सांगायचं.

यंत्राने पाटी वाचायची कल्पना इंग्लंडच्या पोलिसांच्या संशोधन शाखेत १९७६ मध्ये निघाली आणि चोरीची गाडी सापडून पहिली अटक झाली १९८१ मध्ये. घराच्या दाराला कॅमेरा लावण्याची कल्पना त्याहून जुनी, आणि ती एका नर्सची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. ड्यूटीच्या विचित्र वेळा, घरी एकटी, दार वाजलं की धडकी. तिने आणि तिच्या नवऱ्याने दाराला एकाखाली एक चार भोकं, त्यावर वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आत टीव्ही अशी रचना केली. १९६६ मध्ये अर्ज, १९६९ मध्ये पेटंट. तिला दाराबाहेर कोण आहे हे कळायला हवं होतं. घरच्या कॅमेऱ्याचं खरं काम मला अजून तेवढंच वाटतं.

आपल्याकडे आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून पाटी वाचून दंड करणारी यंत्रणा आहे. यंत्र आलं आणि आपल्या लोकांची कला उघडी पडली. ४१४१ म्हणजे 'दादा', २१४ म्हणजे 'राम', ४९१२ म्हणजे 'पवार'. आकड्यांना शेपट्या काढून शब्द करायचे. कायदा सांगतो अक्षरं इंग्रजी आणि आकडे साधे हवेत. मला स्वतःला त्या पेंटर लोकांच्या हाताचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू, पण यंत्राला 'दादा' वाचता येत नाही आणि अंधारात माणसालाही नाही.

मात्र पाटी स्वच्छ वाचली म्हणजे गाडी कळली असंही नाही. २५ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत कारमायकल रोडवर जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली, तिच्यावरची पाटी तिची नव्हतीच. पुढे मार्चच्या अखेरीस एनआयएने पाणबुडे उतरवून मिठी नदीतून काय काढलं? डीव्हीआर, हार्ड डिस्क आणि एकाच नंबरच्या दोन पाट्या. कॅमेऱ्याची आठवण आणि गाडीचं नाव, दोन्ही एकाच गाळात.

याच भीतीपोटी केंद्र सरकारने मार्च २००१ मध्ये उच्च सुरक्षा पाटीचा नियम केला. योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेलगी अजमेरला पकडला गेला. आमच्याच प्रेसमधली लिलावात निघालेली यंत्रं त्याच्याकडे पोचली होती, हे नाशिकरोडला कोणी विसरलेलं नाही. पाटीचा नियम झाला खरा, पण अंमल यायला सुप्रीम कोर्टाच्या फेऱ्या आणि २०१९ उजाडावं लागलं: १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीतूनच. जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्राने २०२५ मध्ये मुदत दिली आणि पुन्हा पुन्हा वाढवली. आमच्या एका काकांनी (प्रेसमधून निवृत्त, वय ८१) स्कूटरला ती पाटी बसवून आणली आणि खिशातून भिंग काढलं. अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अक्षरांचा क्रमांक, पट्टीवर तिरकं 'इंडिया', काढली तर तुटणारा खिळा. पाच मिनिटं बघून म्हणाले, "बरी आहे. उशिरा सुचलं." प्रेसच्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसते.

आणि समजा, सगळं जमलं, नंबर लख्ख आला. कोर्टात काय? इथे जालन्याचा खटला वाचावा. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला, हा आक्षेप, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रण. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला: मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही, तर नकलेसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही लिहावा लागतो. म्हणजे मोबाइलने टीव्हीच्या पडद्याचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला की काम झालं, हे विसरा. आमच्या डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. रात्रपाळीच्या हजेरीशी ताडताना ते पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं.

तर सध्या असं ठरलंय: जुने चार तसेच, गतिरोधकाच्या आतल्या बाजूला दोन मीटर उंचीचा खांब, त्यावर लांब लेन्सचा एक कॅमेरा, नजर फक्त बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या पाठीवर. मागच्या गल्लीतल्या खिडक्या त्यात येता कामा नयेत, हे मी ठरावात लिहून घेतलं. घड्याळ दर महिन्याच्या एक तारखेला सेक्रेटरीने तपासायचं. डबेवाल्या मुलाने दुसरी गाडी घेतलीय, जुनीच, पाटी मात्र नवी. खांबाचे सहा हजार कोणी द्यायचे यावर रविवारी मीटिंग आहे, आणि त्या मुलाच्या आईला मीटिंगला बोलवायला कोणी जायचं, हेही अजून ठरायचंय.