ईल राजा

ईल राजा (अन्य नावे: एल, श्रीपाल) हा विदर्भातील जैन आख्यायिकांमध्ये आढळणारा राजा आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर आणि अमरावती जिल्ह्यातील अचलपूर (जुने नाव: एलिचपूर) यांच्या स्थापनेशी त्याचे नाव जोडले जाते.

आख्यायिका

त्वचारोगाने पीडित असलेला राजा एका जलाशयात हातपाय धुतल्यावर रोगमुक्त झाला. तेथे सापडलेली पार्श्वनाथांची मूर्ती गाडीतून राजधानीकडे नेत असताना, मनाई असूनही त्याने मागे वळून पाहिले. तेव्हा गाडी पुढे निघून गेली व मूर्ती अधांतरी राहिली. त्याच ठिकाणी राजाने श्रीपूर, म्हणजे आजचे शिरपूर, वसवले अशी श्रद्धा आहे. जिनप्रभसूरी यांच्या 'विविधतीर्थकल्प' (१४ वे शतक) या ग्रंथातील कथेत राजाचे नाव श्रीपाल असे आहे. पुढील परंपरेने त्यालाच ईल मानले.

ऐतिहासिकता

स्थानिक परंपरा ईल राजाचा काळ विक्रम संवत १११५ (इ.स. १०५८) सांगते. दुसऱ्या परंपरेनुसार त्याचे युद्ध महमूद गझनवीचा नातलग मानल्या गेलेल्या शाह अब्दुल रहमान गाझी याच्याशी झाले. मात्र महमूद इ.स. १०३० मध्ये मरण पावला होता आणि त्याच्या ज्ञात स्वाऱ्या विदर्भापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. वेरूळच्या लेण्यांचे श्रेयही ईल राजाला दिले जाते. परंतु वेरूळचे 'एलापूर' हे नाव इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात आढळते. त्यामुळे ते नाव आख्यायिकेतील राजाच्या काळापेक्षा दोन शतकांहून अधिक जुने ठरते.