घरी कोण होतं?

आजोबांना टिळकांची गोष्ट सांगायची असली की आधी ते खांद्यावरचं उपरणं सारखं करायचे. २२ जुलै १९०८, मुंबईचं हायकोर्ट, रात्री दहाचा सुमार, सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा. मग गिरणी कामगारांनी पाळलेला हरताळ. ‘सहा वर्षांना सहा दिवस’ हे ते दोनदा म्हणायचे, दुसऱ्यांदा जरा हळू. आम्ही नातवंडं गादीवर पालथी पडून ऐकत असू. गोष्ट बोटीत बसून मंडालेला पोचली की स्वयंपाकघरातून आजीचा आवाज यायचा, “आणि घरी कोण होतं?”

आजोबांचा रसभंग व्हायचा. पण ही आजीची खोडच होती. कुणाही थोर पुरुषाची गोष्ट निघो, तिचा प्रश्न ठरलेला. उत्तर बहुतेक वेळा तिलाच ठाऊक असायचं.

घरी सत्यभामाबाई होत्या. माहेरच्या तापी, दापोलीजवळच्या लाडघरच्या बाळांच्या. आजीच्या सासूबाईंनी त्यांना गायकवाड वाड्यात लांबून एकदोनदा पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर आजी अर्धा तास बोलायची. नवऱ्याला मधुमेह, बाईंनाही मधुमेह. जून १९१२मध्ये त्या गेल्या तेव्हा सजेची दोन वर्षं उरली होती. मंडालेला तार गेली. संकटं शांतपणे सोसायची सवय असलेल्या त्या माणसानं या धक्क्यानं आपण हादरल्याचं पत्रात कबूल केलं. “दहनाला नाही, दहाव्याला नाही,” आजी म्हणायची आणि आमटीला फोडणी द्यायची. चर्र आवाजात आजोबांचं पुढचं वाक्य बुडून जायचं.

मागच्या वर्षी लेकीकडे ओहायोतल्या कोलंबसला गेले होते. नायगारा पाहून झाला होता, मॉल तर नकोसे झाले होते. एका शनिवारी ती म्हणाली, “आई, दोन तासांवर कॅन्टन नावाचं गाव आहे. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या बायकांचं संग्रहालय आहे म्हणे. छोटंसंच आहे. चलायचं?”

मला आजीचा आवाज ऐकू आला. न जाऊन कसं चालेल?

मार्केट ॲव्हेन्यूवरचं ते विटांचं जुनं घर. मध्यंतरी त्याची पार रया गेली होती, त्यात दुकानंसुद्धा निघाली होती. स्थानिक खासदार राल्फ रेग्युला यांच्या पत्नी मेरी रेग्युला यांना एकदा मेरी लिंकनवर भाषण करायचं होतं. साहित्य शोधायला गेल्या तर हाताशी फारसं काही लागेना. नवऱ्यांवर कपाटंच्या कपाटं, बायकांवर चार चोपडी. त्यातून नव्वदच्या दशकात हा खटाटोप उभा राहिला आणि २००० साली या घराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. खासदाराच्या बायकोलाच हे सुचावं यात नवल नाही. घरी कोण असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आमच्या फेरीत आम्ही दोघी धरून सहाजणं होतो. दाखवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका असाव्यात, वाक्य संपलं की सगळ्यांना कळलं का ते बघायच्या. हे घर पंचविसावे राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ले यांच्या पत्नी आयडा यांचं. म्हणजे त्यांचं माहेर. मॅकिन्ले अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले, त्यानंतर कित्येक वर्षं गावी असले की दोघांचा मुक्काम याच घरात. वर तिसऱ्या मजल्यावर त्यांची अभ्यासिका आहे. अमेरिकेचा भावी राष्ट्राध्यक्ष चक्क घरजावई! आजीला हे कळलं असतं तर तिनं ते आजोबांना आठवडाभर ऐकवलं असतं.

आयडा सॅक्स्टन १८४७चा जन्म. तिच्या आजोबांनी १८१५ साली गावात वर्तमानपत्र काढलेलं, वडिलांची बँक. मुलगी युरोपचा लांबलचक प्रवास करून आली आणि वडिलांच्या बँकेत काम करू लागली. १८७१ साली लग्न. तापीचं लग्नही त्याच वर्षीचं. एक तेवीस वर्षांची, बँकेच्या काउंटरमागून जग बघणारी. दुसरी परकरातून नुकती लुगड्यात आलेली. आकड्यांचे असले योगायोग मी उगीचच जमवत बसते, पण हा काही डोक्यातून जाईना.

पुढे मात्र आयडाचं सगळं भराभर उलटत गेलं. १८७३ साली आई गेली. त्याच वर्षी जन्मलेली दुसरी मुलगी काही महिन्यांतच गेली. १८७५ मध्ये थोरली केटी टायफॉइडनं गेली, चार वर्षंही पुरी झाली नव्हती तिला. पायांतलं बळ गेलं आणि आयडाला झटके येऊ लागले. अपस्मार. हा शब्द त्या काळी चारचौघांत कुणी उच्चारत नसे. डोकेदुखी, अशक्तपणा, नाजूक प्रकृती असं काहीबाही म्हटलं जाई. १८९६च्या निवडणुकीत तिच्याविषयी इतक्या कंड्या पिकल्या की पक्षाला उमेदवाराच्या बायकोचं चरित्र छापून वाटावं लागलं.

त्या निवडणुकीत मॅकिन्ले प्रचाराला बाहेर पडलेच नाहीत. घराच्या व्हरांड्यात उभे राहून बोलत, आणि आगगाड्या भरभरून माणसं कॅन्टनला येत. साडेसात लाख आली. अंगणातलं गवत तुडवून संपलं. बायकोला एकटं सोडवत नव्हतं, हे त्यामागचं एक कारण मानतात. साडेसात लाखांचा आकडा ऐकून मी लेकीला मराठीत विचारलं, “चहापाण्याचं कोण बघत होतं?” ती इतकी हसली की बाईंनी आमच्याकडे वर्गातल्यासारखं पाहिलं.

मग बाईंनी रुमालाची गोष्ट सांगितली.

शिष्टाचाराप्रमाणे मेजवानीत राष्ट्राध्यक्षाची बायको त्याच्या शेजारी बसत नाही. मॅकिन्ले यांनी तो मोडला आणि आयडाला आपल्या शेजारी बसवलं. जेवताना तिला झटका आला, चेहरा वाकडा झाला, की ते शांतपणे रुमाल उचलत आणि तिच्या तोंडावर टाकत. बोलणं चालूच. जरा वेळानं रुमाल काढला जाई आणि तीही जिथे थांबली होती तिथून बोलू लागे. टाफ्ट, जे पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. फेरीतल्या एका बाईंनी “किती प्रेम!” असा सुस्कारा सोडला. मी काही बोलले नाही. मला आक्का दिसत होत्या.

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांच्याबद्दल ‘तिला बरं नसायचं’ एवढंच बोललं जाई. कामाच्या भरात एकदा आजीनं मला अख्खी गोष्ट सांगितली. आक्कांना फेफरं यायचं. सासरी रांगोळी काढता काढता पडल्या, आठ दिवसांत त्यांना माहेरी आणून सोडलं. मग माजघरामागची अंधारी खोली त्यांची झाली. कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची, गंडे बांधायचे, सगळं झालं. एका मुंजीत पंगत बसली असताना आक्का दारातच कोसळल्या. व्याही बघत होते. कुणीतरी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर पदर ओढला आणि त्यांना आत ओढत नेलं. त्यानंतर कुठल्याही कार्यात त्या बाहेर आल्या नाहीत. खोलीत बसून वाती वळायच्या. लक्ष वातींवर लक्ष वाती झाल्या. त्या गेल्यावर कित्येक वर्षं देवापुढे त्यांच्याच वाती जळत होत्या.

आयडाचंही तेच. खुर्चीत बसून ती क्रोशाच्या सुईवर सपाते विणायची. एकदोन डझन नव्हे, हजारो जोड. अनाथ मुलांना, रुग्णालयांना, धर्मादाय विक्रीला. आमच्या घरच्या वाती जळून गेल्या, इथले सपाते लोकांनी घालून झिजवले असणार.

प्रेम होतं, यात मला शंका नाही. त्याची आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोलंबसचीच आहे. मॅकिन्ले ओहायोचे गव्हर्नर असताना दोघं सरकारी इमारतीसमोरच्या हॉटेलात राहत. रोज दुपारी तीनला ते हातातलं काम थांबवून खिडकीशी येत आणि रुमाल हलवत. समोरच्या खिडकीत आयडा. लेकीच्या ऑफिसच्या रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे, त्याखालून मी चारदा तरी गेले असेन. एक रुमाल साऱ्या गावाला दिसेल असा हलवायचा आणि एक कुणाला काही दिसू नये म्हणून टाकायचा. माणूस तोच. मला अजून ठरवता येत नाही की दुसऱ्या रुमालाखाली तिला हायसं वाटत असेल की गुदमरायला होत असेल. तिला कुणी विचारलं होतं का, हे मी बाईंना विचारणार होते, पण माझं इंग्रजी अशा प्रश्नांना पुरत नाही.

६ सप्टेंबर १९०१ला बफेलोच्या प्रदर्शनात मॅकिन्ले यांना गोळ्या घातल्या. पडता पडता त्यांनी चिटणिसाला बजावलं की हिला सांगताना जपून सांग. आठ दिवसांनी ते गेले. ही बाई आता टिकत नाही असं सगळे म्हणत होते. ती पावणेसहा वर्षं जगली, बहिणीच्या आधारानं, आणि जवळजवळ रोज नवऱ्याच्या शवपेटीपाशी जाऊन बसत राहिली.

त्यांचं स्मारक गावातच टेकडीवर आहे. पायथ्याच्या मोठ्या संग्रहालयात नवराबायकोचे बोलणारे पुतळे केलेत, ते मला मुळीच आवडले नाहीत. वर जायला एकशे आठ पायऱ्या. पर्वतीला एकशे तीन, म्हणजे पाच जास्त, आणि गुडघे तेव्हाचे राहिलेले नाहीत. माळ ओढावी तशा मी त्या मोजत चढले. आत मधोमध दोघं शेजारी शेजारी, मागच्या भिंतीत दोन्ही मुली. स्मारकाचं उद्घाटन १९०७च्या सप्टेंबरात झालं. आयडा मे महिन्यातच गेली होती.

उतरताना लेक माझा दंड धरून एकेक पायरी खाली येत होती. मध्येच थांबून म्हणाली, “आई, त्या मुंजीत आक्कांच्या तोंडावर पदर कुणी ओढला?”

“आजीनं,” मी म्हटलं.

आजीनं ते मला पहिल्यांदा सांगितलं नव्हतं. शेवटच्या दुखण्यात, आजोबा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून सांगितलं. नवी सून होती, सासरे दारात उभे होते, आणि त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं होतं. पदर नऊवारीचा, मुंजीसाठी नेसलेला. आक्कांच्या तोंडातला फेस त्याला लागला. तो डाग, ती म्हणाली, पुष्कळ धुतला.

लेकीनं आणखी काही विचारलं नाही. अजून साठेक पायऱ्या उतरायच्या होत्या.